डावी दोन, उजवी दोन

घराण्याचे प्रमुख नाना ओबिरी यांनी आपल्या जुन्या मर्सिडीजची चार चाके दोन ठिकाणी पाठवली. डाव्या बाजूची दोन फ्रिम्पोमाच्या आवारात, आणि उजव्या बाजूची दोन तिचा दिवंगत नवरा अम्पोन्सेम याचा भाचा यॉ बारिमा याच्या दुकानात. सोबतचा निरोप एकच होता, आणि ड्रायव्हरने तो दोन्हीकडे एकाच सुरात म्हणून दाखवला.

"नाना म्हणतात, अम्पोन्सेमच्या वर्षाच्या दिवशी गाडी मैदानात येईल. ज्याची बाजू चांगली, त्याचं आवार."

चाके गेल्यावर गाडी चार विटांवर उभी राहिली. नाना रोज सकाळी नेहमीप्रमाणे मागच्या आसनावर जाऊन बसत, रेडिओवरच्या बातम्या संपेपर्यंत बसत आणि मग उतरून घरात जात. कुमासी शहरात घराणे चालवायचे म्हणजे माणूस रोज गाडीत बसलेला दिसावा लागतो. गाडी चाललीच पाहिजे असे कोणी म्हटलेले नाही.

फ्रिम्पोमाचे वय सदुसष्ट. सुआमेच्या गॅरेजवस्तीत पत्र्याचे छप्पर, एक कॉम्प्रेसर, दोन बाक आणि भिंतीला टांगलेली चाके, एवढ्या भांडवलावर तिने नवऱ्याबरोबर चौतीस वर्षे मॅगव्हील, म्हणजे गाड्यांची मिश्रधातूची चाके, नवी करण्याचा धंदा केला होता. अम्पोन्सेमने गिऱ्हाइकांशी बोलायचे आणि तिने चाकांशी, अशी कामाची वाटणी होती. अम्पोन्सेमला वारून आता वर्ष होत आले होते. जागेचा कागद त्याच्या नावावर होता. आणि पुरुषाची मिळकत त्याच्या बहिणीच्या मुलाकडे जाते, ही अशांती जमातीची रीत कुमासीतल्या डोंगराइतकी जुनी आहे.

फ्रिम्पोमाचे रीतीशी भांडण नव्हते. तिच्या सख्ख्या भावाला मामाची कोकोची बाग याच रीतीने मिळाली होती, आणि तेव्हा तिने त्याचे अभिनंदनच केले होते. रीत देते तेव्हा गोड आणि घेते तेव्हा कडू, असे म्हणणाऱ्यांची तिला किळस येई. कायद्याने विधवेलाही वाटा असतो, हे तिला निदान वीस जणांनी येऊन सांगितले. पण त्या वीस जणांपैकी एकालाही अम्पोन्सेमच्या घराण्यात पुन्हा फुफू खायला बसायचे नव्हते. तिला बसायचे होते.

तिचे भांडण बारिमाशी होते. आवार गेले असते तर तिला मांपोंगला भावाच्या ओसरीवर बसून भुईमूग सोलत उरलेले दिवस काढावे लागले असते. ते तिने एक वेळ केलेही असते. परंतु ज्या बाकावर तिने दहा हजारांवर चाके पाहिली, तिथे बारिमाने बसावे, हे तिच्या घशाखाली उतरत नव्हते.

बारिमा एक्केचाळीस वर्षांचा होता. आधी त्याने मोबाइल विकले, मग गाड्यांचे आरसे विकले, आणि मामा वारल्यावर सहा महिन्यांनी एक स्प्रे गन विकत घेऊन ताफोच्या रस्त्यावर दुकान थाटले. 'प्रभूची वेळच योग्य : चाकांचे हॉस्पिटल' अशी त्यावर पाटी होती. धंदा तो मोबाइलवरचे व्हिडिओ पाहून अकरा दिवसांत शिकला होता, आणि हे तो लपवत नसे. उलट पहिल्या भेटीत सांगत असे.

नानांच्या चाकांचा आजार साधाच होता. वरचा पारदर्शक थर, ज्याला धंद्यात क्लिअर कोट म्हणतात, जागोजाग उडाला होता. उरला होता तो नखाने निघेल असा, भाजलेल्या अंगावरच्या कातडीसारखा. जिथे तो फुटला होता तिथून पाणी आत शिरले होते आणि धातूवर पांढऱ्या बारीक अळ्यांसारख्या रेघा वळवळत गेल्या होत्या. फ्रिम्पोमाने चाकावरून अंगठा फिरवला.

"इसाका, सगळं उतरवायचं. धातूपर्यंत."

इसाका हा तिचा घासकामाचा माणूस; उत्तरेकडचा, पन्नाशीचा, बावीस वर्षे तिच्याकडे.

"मॅडम, सगळं? निम्मं तर अजून चांगलं आहे."

"निम्मा नवरा चांगला असला तर बाई काय करते?"

इसाकाची दोन लग्ने झाली होती. त्याने रंग काढायच्या द्रावणाचा डबा उघडला.

थर उतरवायला तीन दिवस गेले. मग पॉलिशपेपर : आधी जाड, मग मधला, मग बारीक, पाण्यात बुडवून. पांढऱ्या रेघांचे मूळ धातूत रुतलेले असते. ते पुरते घासून काढले नाही तर नव्या थराखाली ते पुन्हा पसरते. चाकांच्या कडा फुटपाथला लागून खरवडल्या होत्या, त्या भरल्या, पुन्हा घासल्या. पाचव्या दिवशी बारिमा आवारात आला. त्याच्या अंगावर इस्त्रीचा शर्ट होता, ज्यावरून तो काम करत नव्हता हे उघड होते.

"मामी, नमस्कार. म्हटलं, तब्येत बघून यावी."

"चाकांची की माझी?"

"दोघांचीही. अजून घासताच आहात? माझी तर परवाच झाली."

"झाली का? छान. बाळंतपण लवकर उरकलं म्हणायचं. बाळ नीट आहे?"

"आरशासारखं! मामी, तुम्ही जुनी माणसं उगाच जीव काढता. क्लिअर कोट गेलाय ना? मग वरून क्लिअर कोट मारायचा. टक्कल पडलं की माणूस टोपी घालतो. डोकं सोलत नाही."

इसाका हसला, आणि मॅडम हसल्या नाहीत हे पाहून खोकला.

"जुना थर खाली तसाच ठेवलास?"

"जिथं निघाला होता तिथं घासला थोडा. बाकीचा कशाला काढायचा? धरून बसला होता बिचारा."

"आणि हार्डनर? किती घातलास?"

"एका डब्याचा माल आहे, मामी. तयार. त्यात काही मिसळावं लागत नाही. अर्ध्या तासात वाळतो." त्याने आवाराकडे सावकाश नजर फिरवली, छपरापासून नालीपर्यंत, जशी मुलीकडची माणसे नवऱ्या मुलाच्या घरावर फिरवतात. "इथं पुढं काच लावली ना, तर एसी बसेल."

"मांपोंगला बसव," फ्रिम्पोमा म्हणाली. "मला तिथं पाठवणारच आहेस, तर उकाडा तरी नको."

बारिमाने हे बोलणे विनोद म्हणून घेतले. तो जाताना वस्तीच्या तोंडाशी मक्याचे केंके विकणाऱ्या सेरवाकडे थांबला आणि तिथे त्याने दोन केंके आणि तळलेले मासे खाल्ले. त्यानंतर सेरवाला आपल्या मोबाइलवर चाकांचा फोटो दाखवून गेला. सेरवा संध्याकाळी तो पाहिल्याचे सांगायला आली.

"अगं फ्रिम्पोमा, काय चमक! माझं तोंड दिसत होतं त्यात."

"फोटोत?"

"फोटोतसुद्धा! मग खरं चाक कसं असेल बघ. आणि नानांचे मोतीबिंदू काढल्यापासून त्यांना चमकणारंच आवडतं. परवा त्यांनी ॲल्युमिनियमचं पातेलं विकत घेतलं, घरात पाच असताना."

नानांच्या पातेल्याची गोष्ट खरी होती, आणि त्या रात्री फ्रिम्पोमाला ती बराच वेळ आठवत राहिली.

जानेवारी होता. उत्तरेचा कोरडा वारा, हरमाटान, सकाळपासून धूळ घेऊन येई आणि माणसाच्या पापण्यांवर सुद्धा तिचा थर बसवी. अशा दिवसांत चाक रंगवायचे तर पहाटे, वारा उठण्यापूर्वी. नवव्या दिवशी फ्रिम्पोमाने आवाराची जमीन पाण्याने भिजवून घेतली, चारी बाजूंनी ओली फडकी टांगली, इसाकाला डोक्याला कापड बांधायला लावले आणि स्वतः स्प्रे गन हातात घेतली. प्रायमर आदल्या दिवशी झाला होता. आता चांदीरंग, आणि त्यावर थर पक्का करणारा हार्डनर मिसळलेला क्लिअर कोट. आधी पातळ, मग वीस मिनिटांनी भरीव. तिचा हात आता जिना चढताना कठडा शोधतो, पण गन धरली की कशाचाही आधार मागत नाही. याचे तिला स्वतःलाही नवल वाटत नसे. हाताला त्याचे काम माहीत आहे, एवढाच त्याचा अर्थ होता.

सूर्य वर आल्यावर तिने चाके उजेडात धरली. दुसऱ्या चाकाच्या तिसऱ्या आऱ्यावर, थराच्या आत, धुळीचा एक कण बसला होता. मोहरीच्या चौथ्या हिश्श्याएवढा.

"दिसत नाही, मॅडम," इसाका म्हणाला.

"तुला दिसतोय म्हणूनच म्हणालास."

तिने चौतीस वर्षांत कण असलेले चाक दाराबाहेर जाऊ दिले नव्हते. कण काढायचा तर थर आधी वाळू द्यायचा, मग घासायचा, पुन्हा मारायचा. आणि तो पुरता पक्का व्हायला पुन्हा आठवडा हवा. वर्षाचा दिवस नऊ दिवसांवर होता, आणि त्याआधी टायर बसवायला, हवा भरायला, चाके गाडीला लावायला दोन दिवस जायचे होते. पंक्चरवाल्याचा लोखंडी दांडा कच्चा थर सुकलेल्या ओठासारखा फाडतो.

"वरून अजून एक हात मारू या का?" इसाकाने विचारले. "जाड. चमक वाढेल. त्यांच्या बाजूला भारी पडेल."

ती बाकावर बसली. दोन गोष्टींतली एकच मिळणार होती : न डागाळलेले तोंड, किंवा पक्के अंग. तिने आयुष्यात दोन्ही एकदम दिले होते, आणि आता त्यांतले एक निवडायची पाळी आली होती, तीही घराण्यासमोर. समोरच्या गॅरेजात कोणी तरी हातोड्याने दार सरळ करत होते.

"राहू दे," ती शेवटी म्हणाली. "भिंतीला टांग. सात दिवस कोणी हात लावायचा नाही."

"कणासकट?"

"कणासकट. आणि मला पुन्हा विचारू नकोस."

वर्षाचा दिवस शनिवारी आला. मैदानात मांडव पडले, प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडल्या गेल्या, आणि काळ्या-तांबड्या कापडांत निम्मे सुआमे येऊन बसले. लाऊडस्पीकरवर देणग्या जाहीर करणाऱ्या माणसाला चाकांचा मामला कळला होता. एका पेटीभर पाण्याची घोषणा आणि एका शेळीची घोषणा यांच्या मध्ये त्याने सांगून टाकले, "आणि नानांची गाडी आता येत आहे. कृपया सर्वांनी आपापल्या बाजूचे चाक पाहावे."

गाडी आली. नाना मागे, उजव्या बाजूला बसले होते. आता इथे एक अडचण उभी राहिली, जिचा न्याय ठरवताना नानांनी विचार केला नव्हता. गाडीच्या दोन्ही बाजू एकाच वेळी पाहू शकेल असा माणूस अजून जन्मलेला नाही. उजव्या मांडवात सासरची मंडळी होती. त्यांनी उजवी चाके पाहिली आणि आहाहा केले. डाव्या मांडवात शेजारीपाजारी होते; त्यांनी डावी पाहिली, आणि त्यांनाही ती चांगली वाटली. मग दोन्हीकडून भांडण लागले. नानांनी गाडी मैदानाभोवती एक फेरी मारायला लावली. फेरी एकाच दिशेने मारल्यामुळे मधल्यांनी सगळा वेळ डावी बाजू पाहिली आणि बाहेरच्यांनी उजवी. मग नानांनी उलटी फेरी मारायला लावली. लोक उभे राहिले. वर्षभरात अम्पोन्सेमसाठी इतक्या लोकांनी मान वळवली नव्हती.

आणि खरे सांगायचे तर उजवी बाजू जास्त चमकत होती. फ्रिम्पोमाने ते पाहिले. डोळ्यांवर हाताची सावली धरून पाहिले, कारण तिला खोटे पाहायची सवय नव्हती.

गाडी थांबली. बारिमा डावीकडे आला, वाकला, आणि त्याला हवे ते सापडले.

"नाना! इकडे या! मामीच्या चाकात माती आहे! आतमध्ये!"

नाना उतरले. घराण्यातले पाचसहा वृद्ध त्यांच्या मागे वाकले. बाकीचेही वाकले, ज्यांना काही दिसणार नव्हते ते सुद्धा.

"फ्रिम्पोमा," नाना म्हणाले, "ही माती खरी आहे?"

"खरी आहे, नाना."

"तुला दिसली होती?"

"त्याच सकाळी."

"मग काढली का नाहीस?"

"काढली असती तर थर कच्चा राहिला असता. मी डाग ठेवला आणि कच्चेपणा काढला."

कोणालाच हे उत्तर समजले नाही. मांडवात कुजबुज झाली. सेरवाने तोंडावर कापड धरले. नानांनी कंबर सरळ केली आणि सगळ्या मैदानाकडे पाहिले. त्यांच्या चेहऱ्यावरून निकाल कोणत्या बाजूचा आहे हे लाऊडस्पीकरवाल्यालाही कळले, आणि त्याने माइक तोंडाजवळ नेला.

"थांब रे," नाना म्हणाले. "मेलेल्याला विचारल्याशिवाय बोलायचं नसतं."

श्नॅप्सची, म्हणजे कडक दारूची, बाटली आली. एरवी ती मृतासाठी जमिनीवर ओततात. पण मामला अम्पोन्सेमच्या धंद्याचा होता, आणि नाना पक्षपात न करणारे गृहस्थ होते; त्यांनी पुढच्या डाव्या चाकापासून सुरुवात केली.

"अम्पोन्सेम! ये, दारू घे. ही तुझी बायको, हा तुझा भाचा. आम्ही भांडत नाही. आम्ही चाकं बघतोय. ये, घे." एक घोट पुढच्या चाकावर, एक मागच्या. मग वळसा घालून उजवीकडे. "हेही घे. सगळ्यांचं सारखं." दोन्ही चाकांवर सढळ हाताने. उरलेली त्यांनी स्वतः घेतली.

उजवे पुढचे चाक आधी पांढुरके झाले. काचेवर फुंकर मारल्यासारखे. मग त्यावर तापवलेल्या दुधासारखी साय धरली, आणि सायीला सुरकुत्या पडल्या. नानांनी बोट लावले. बोटाबरोबर चार इंच थर उठून आला, आणि त्याखाली ते जुने, पिवळे, धरून बसलेले बिचारे दिसू लागले.

"दारू!" बारिमा ओरडला. "नाना, चाकावर दारू ओतायची नसते!"

"मग कुठे ओतायची?" नाना शांतपणे म्हणाले. "तुझ्या मामाला तहान लागली तर त्यानं तुझी परवानगी काढायची?"

डाव्या चाकांवरून दारू थेंबाथेंबाने खाली आली आणि जमिनीत गेली. कण होता तिथे होता.

"अम्पोन्सेम बोलला!" उजव्या मांडवातली एक म्हातारी ओरडली. पाठोपाठ सगळे मैदान उठले. "बोलला! मेलेला बोलला!" ढोलवाल्यांनी हे निमित्त सोडले नाही. लाऊडस्पीकरवाल्याने मृताने निकाल दिल्याचे जाहीर केले आणि त्याच श्वासात आणखी एक शेळी जाहीर केली.

फ्रिम्पोमाने गप्प राहावयाचे होते. एवढेच करायचे होते. बारिमाचे तोंड राखेसारखे झाले होते. मेलेल्या मामाने ज्याला भर मैदानात झिडकारले, त्याला आवार तर सोडाच, घराण्यात पुन्हा कोणी पाण्याचा पेला दिला नसता. आवार तिच्याकडे आपोआप चालत आले असते. पण अम्पोन्सेमने हयातीत चाकांबद्दल कधी काही म्हटले नव्हते, आणि आपल्या कामाचे श्रेय मेल्यावर त्याने घ्यावे, हे तिला पटेना. ती पुढे आली. ढोल आपोआप थांबले. तिच्या येण्याने ते नेहमीच थांबत.

"मेलेल्यानं काहीही केलेलं नाही," ती म्हणाली. "बारिमानं थर चढवला जुन्या थरावर, आणि हार्डनर घातला नाही. कच्च्या थराला दारू सोसत नाही. पेट्रोलही सोसलं नसतं, ब्रेकची उष्णताही नसती सोसली. आज नाही तर महिन्यानं निघालाच असता. त्याला हे कोणी शिकवलेलं नाही, एवढंच."

मैदान हिरमुसले. नानांनी बोटावरची कातडी उलटसुलट करून पाहिली.

"म्हणजे," ते म्हणाले, "पोरानं पाप केलेलं नाही."

"नाही. त्याला येत नाही."

"मला येतं, मामी," बारिमा पुटपुटला.

"गप्प बैस." नाना सावकाश बोलू लागले. "पाप असतं तर वारसा गेला असता. अडाण्याचा वारसा जात नाही. आवार बारिमाचं, रीत आहे तशी." फ्रिम्पोमाचे खांदे हलले नाहीत, पण इसाकाने मान खाली घातली. "पण सुआमेत आजवर कोणी शिकाऊ असताना मालकाच्या बाकावर बसलेलं मी पाहिलं नाही. आधी शिकायचं. दारूच्या बाटल्या घेऊन उस्तादाच्या पायाशी जायचं, झाडू मारायचा, आणि उस्तादानं सर्वांसमोर मोकळं केलं की मग बसायचं. शिकवणारं माणूस आवारातच आहे. मोकळं ती करेल."

"किती वर्षं, नाना?" बारिमाने विचारले.

"तीन असतात," नाना म्हणाले. "पण ते उस्ताद ठरवतो. मी चाकांतला माणूस नाही."

सोमवारी सकाळी सात वाजता बारिमा दोन बाटल्या घेऊन आवारात आला. फ्रिम्पोमा बाकावर बसली होती. तिने बाटल्यांवरची नावे वाचली, एक परत केली आणि चांगली आणायला सांगितली. तो घेऊन आला.

"हे घ्या, मामी."

"मामी घरी. इथं मॅडम."

"मॅडम."

"तुझी दोन चाकं तिथं आहेत. सगळं उतरव. धातूपर्यंत."

त्याने इस्त्रीचा शर्ट काढून खिळ्याला टांगला. इसाकाने त्याला पॉलिशपेपरचा जाड ताव दिला, आणि तो कसा धरतात हे त्याला न विचारता दाखवले.

याला आता सहावे वर्ष चालू आहे. बारिमा घासकाम उत्तम करतो, प्रायमर बरा मारतो, आणि हार्डनरचे प्रमाण त्याला झोपेत विचारले तरी सांगतो. परंतु हरमाटानातला त्याचा हात अजून मॅडमच्या मनास येत नाही, आणि हरमाटान वर्षातून दोनच महिने असतो. मोकळे होण्याच्या समारंभासाठी त्याच्या बायकोने तिसऱ्या वर्षीच त्याच्यासाठी पांढरा पोशाख शिवून ठेवला होता. तो आतापर्यंत दोनदा उसवून पोटाशी मोठा करावा लागला आहे.